पिंजऱ्यात शिरलेली मरळ

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकतो. बायको म्हणते, तुम्ही चहा गार झाला म्हणूनसुद्धा भांडता. खोटं नाही. पण लोकांना मासे पाळायला शिकवायचं काम मी बारा वर्षं केलं, आणि माझ्या हाताखाली शिकलेले लोक मला शिव्या देत का होईना, काम नीट करायचे. ते काम मी आता करत नाही. का करत नाही, ते विचारणाऱ्याला मी वेगवेगळी कारणं सांगतो. खरं कारण एक मरळ आहे.

मी ढिवराचा पोरगा, गोरेगावकडचा. बाप तलावावर, आई आठवडी बाजारात मासळीची टोपली घेऊन. मी कसाबसा शिकलो, मत्स्यपालनाची पदविका घेतली आणि एका संस्थेत कंत्राटावर प्रशिक्षक म्हणून लागलो. दरवर्षी मार्च आला की पुढचं वर्ष मिळेल की नाही याचा घोर. अशात संस्थेने मला महिनाभर कोकणात धाडलं, समुद्रातली मत्स्यशेती शिकायला. काय सांगू बाप्पा, मी तर येडाच झालो. किनाऱ्यापासून आत, भर समुद्रात तरंगते पिंजरे. पिंजऱ्यात मासे, बाजूच्या दोरांना लोंबणारे शिंपले, त्याच्या पलीकडे शेवाळाच्या माळा. माशांनी टाकलेलं शिंपल्यांनी खायचं, उरलेलं शेवाळाने शोषायचं. अनेक जाती एका पाण्यात, कोणाचं काही वाया जात नाही. पहिले चार दिवस होडीत मी ओकत होतो. पाचव्या दिवसापासून वही भरत सुटलो.

परत आलो तर वरून आदेश: हेच आता गोंदिया जिल्ह्यात शिकवा. मी साहेबांना म्हटलं, "सर, आपल्याकडे समुद्र नाही." साहेब म्हणाले, "पाणी आहे ना?" झालं. चर्चा संपली.

तिरोड्यापासून आत, धानाच्या बांध्या ओलांडून गेलं की एक जलाशय आहे. जवळच्या बोदलकशाच्या तलावासारखाच, पण लहान. नाव सांगत नाही, कारण पुढे जे येतं त्यात तिथल्या लोकांची उगाच चर्चा नको. तिथे आठ घरांचा एक गट केला आणि धरणाच्या पाळीपासून थोडं आत, खोल पाण्यात, आठ पिंजरे बसवले. पाइपांची चौकट, खाली प्लॅस्टिकचे ड्रम, चौकटीतून पाण्यात सोडलेली जाळ्याची मोठी थैली. समुद्राचे शिंपले इथे कुठून आणणार? मी आपला जुगाड केला: वरच्या पाण्यात राहणारा कतला, मधात रोहू, तळाच्या थैलीत झिंगे, म्हणजे कोळंबी. मिश्र पालन. कागदावर ते फार मोठ्या नावाने लिहिलं होतं, मी लोकांना "मिश्र" एवढंच सांगितलं.

एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या. उन्हाळ्यात धानाला पाणी सोडलं की तो जलाशय निम्म्याहून जास्त उघडा पडतो. उरतं ते पाळीजवळचं खोल पाणी. आणि आता तिथेच पिंजरे होते. नियम असा की गटाच्या यादीत नाव असेल त्यानेच त्या भागात डोंगा, म्हणजे होडी, घालायचा. म्हणजे यादीतून ज्याचं नाव गेलं, त्याचं उन्हाळ्यात पाणीच गेलं. हा नियम मीच बैठकीत वाचून दाखवला होता आणि सगळ्यांनी माना हलवल्या होत्या.

गटात एक बुढा होता. साठीच्या पुढचा, काटक, कान मोठे, बोलणं कमी. त्या पाण्यात कुठे दगड, कुठे बुडालेलं झाड, कुठे चिखल किती, हे त्याला पाय न बुडवता सांगता यायचं. त्याची सून गटाची सचिव होती. बारावी झालेली, अक्षर मोत्यासारखं, तोंड माझ्याइतकंच फटकळ. पहिल्या दिवशी मी पाळीवर फळा टेकवून अर्धा तास बोललो. पिंजरा म्हणजे काय, जाळीचं माप, खाद्य किती वेळा. मग विचारलं, काही शंका?

बुढा उठला. "मास्तर, मासोरी पान्यात आहेच ना. मंग तिले पिंजऱ्यात कायले कोंडता?"

"धरायला सोपी जाते बाबा."

"म्हंजे आमाले धरता येत नाही असा म्हनता का?"

सगळे हसले. मीही हसलो, पण आतून जळलो. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्याला विचारलं, काल काय शिकलात ते सांगा. त्याने सांगितलं. सगळं, क्रमाने, माझ्याच शब्दांत, मी ज्या ठिकाणी खोकललो होतो तिथे थांबून. सून तोंडाला पदर लावून हसत होती. त्या दिवसापासून मला तो माणूस आवडायला लागला, पण ते मी त्याला कधी दाखवलं नाही. आमच्याकडे असं दाखवत नाहीत.

पावसाळ्यात बोटुकल्या आल्या. ट्रकमधून, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून, बोटाच्या पेराएवढे रोहू आणि कतला. इतके लहान मासे मोठ्या जाळीतून निसटतात, म्हणून त्यांना आधी बारीक जाळीच्या पिंजऱ्यात वाढवायचं. त्याला आम्ही नर्सरी म्हणायचो. पुढच्या सगळ्या पिंजऱ्यांचा माल तिथूनच निघणार. ती जबाबदारी मी बुढ्याला दिली. रोज सकाळ-संध्याकाळ डोंगा घेऊन जायचं, कोंडा आणि ढेपेची भुकटी टाकायची, जाळीवरचं शेवाळ ब्रशने काढायचं. दुसऱ्या कोणाला दिली असती तर मला झोप लागली नसती.

आता मरळीबद्दल. आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. मरळ दुसऱ्या माशांना खाते. नर्सरीत मरळ शिरणं म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्यात मांजर. पण हीच मरळ पिल्लांच्या बाबतीत अशी की बघत राहावं. पावसाळ्यात तिची पिल्लं होतात, लालभडक, मुगाच्या दाण्याएवढी, शेकड्यांनी. एका जागी गोळा होऊन पाण्यावर लाल डाग दिसतो. आणि त्या डागाखाली ती स्वतः पहारा देत असते. त्या दिवसांत ती जागची हलत नाही, म्हणून तिला मारणं फार सोपं. बरेच जण मारतात. पण काही घरांत पिल्लांवरच्या मरळीला हात लावत नाहीत, आणि तिच्या पिल्लांनाही नाही. बुढ्याचं घर त्यातलं. माझंही घर त्यातलंच. आईच्या टोपलीत त्या महिन्यांत कोणी तशी मरळ आणून टाकली तर ती उचलून परत द्यायची आणि त्या माणसाशी दोन दिवस बोलायची नाही.

तर झालं असं. पाऊस थोडा उघडला होता. मी पाळीवर उभा राहून फोनवर होतो. ऑफिसला फोटो हवे होते, त्याच दिवशी, आणि मोबाइलला रेंज पाळीच्या एकाच टोकाला. फोटो जात नव्हते, पलीकडून कोणीतरी बोंब मारत होतं, माझंही डोकं सटकलेलं. तेवढ्यात बुढा डोंगा लावून वर आला.

"मास्तर, बारक्या पिंजऱ्यात मरळीचे पिल्ले सिरले. लाल लाल. माय भायेर चक्कर मारून राह्यली."

मी फोनवर हात ठेवला आणि म्हणालो, "राहू द्या बाबा. आपलं मिश्र पालन आहे ना? त्यांनाही करून घ्या भरती." आणि स्वतःच्याच विनोदावर हसलो.

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "बरं जी." आणि गेला.

फोटो संध्याकाळी गेले. बुढा काय म्हणाला होता ते तोवर माझ्या डोक्यातून साफ उतरलं होतं. दोष कामाचा नव्हता. मी त्याचं ऐकलंच नव्हतं, फक्त उत्तर दिलं होतं.

नंतरचे तीन महिने मी इतर तलावांवरही फिरत होतो. इकडे आठवड्याला एक चक्कर. सून वही दाखवायची, खाद्य वेळेवर, जाळी स्वच्छ. एकदा ती म्हणाली, "सर, बारके मासे वर दिसून नाही राह्यले." मी म्हणालो, रोहू वर येतच नाही, मधात राहतो, पुस्तक वाच. ती म्हणाली, "पुस्तक वाचली जी, पन कतला तं वर येते ना?" मी म्हणालो, येईल. असा मी शहाणा.

दिवाळी झाली, धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या, आणि नर्सरी उचलायचा दिवस आला. थैली चारी बाजूंनी वर घ्यायची, मासे एका कोपऱ्यात आणायचे, मोठे वेगळे, लहान वेगळे करून पुढच्या पिंजऱ्यांत सोडायचे. आठही घरची माणसं आली होती. बायकांनी घमेली आणली होती. जाळं वर यायला लागलं तसं पाणी उसळायला लागलं आणि मला आनंद झाला, म्हटलं मासा जोमात आहे. जाळं आणखी वर आलं. आत वीत-वीत लांबीच्या मरळी होत्या. काळ्या, गुळगुळीत, पोटं टम्म. आणि रोहू-कतला मिळून दोन घमेल्यांत मावतील एवढे.

बायकांनी घमेली खाली ठेवली. मग मी बोललो.

काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. लाज वाटते. "बाबा, डोळ्यात माती गेली होती काय तुमच्या? ढिवर म्हणवता आणि नर्सरीत मरळ पोसता? लोकांच्या वर्षाचं वाटोळं केलं तुम्ही!" त्याच्या सुनेसमोर, सगळ्या घरांसमोर, डोंग्यात उभं राहून. डोंगा हलत होता तरी मी हातवारे करत होतो. बुढा जाळ्याचा काठ धरून बसला होता. त्याने काठ सोडला नाही, कारण सोडला असता तर उरलेलेही गेले असते.

"मरळ ओळखू नाही आली काय तुम्हाला?"

"ओळखलो जी."

"मग काढली काऊन नाही?"

तो माझ्याकडे बघत होता. तशीच नजर, क्षणभर थांबलेली. आणि त्या नजरेने मला सगळं आठवलं. पाळ, फोन, माझा विनोद, माझं हसणं. अख्खं वाक्य आठवलं, शब्दाला शब्द.

इथे मी गप्प बसलो असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी गप्प बसलो नाही. मी आणखी मोठ्याने ओरडलो. माणूस खोटा असला की त्याचा आवाज चढतो, हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत नेहमी सांगायचो. आपल्यावर आलं तेव्हा कळलं की चढलेला आवाज आपल्याला थांबवताही येत नाही. बुढ्याने एक शब्द काढला नाही. "तुमीच सांगतले होते" एवढं म्हणाला असता तर खेळ खल्लास होता. नाही म्हणाला.

नुकसानीचा अहवाल द्यावा लागतो. छापील कागद असतो, त्यात एक रकाना: नुकसानीस जबाबदार व्यक्ती. तो रिकामा ठेवला तर गट निष्काळजी ठरतो आणि पिंजरे काढून दुसऱ्या कोणाला देतात. गोंदियाचा एक ठेकेदार टपूनच बसला होता. रकान्यात सदस्याचं नाव लिहिलं तर तो सदस्य यादीतून जातो, पिंजरे राहतात. प्रशिक्षकाचं नाव लिहिलं तर काय होतं, ते कोणी कधी करून पाहिलं नव्हतं.

मी घरी बसून अहवाल लिहिला. "सदर सदस्याने प्रशिक्षकास न कळवता मरळीची पिल्ले नर्सरीमध्ये राहू दिली." एक वाक्य. त्यातले "प्रशिक्षकास न कळवता" हे तीन शब्द लिहिताना पेन अडकलं नाही. सरळ लिहून गेलो. जेवायला बसलो तेव्हा मात्र ताट तसंच पुढे सरकवलं. बायको म्हणाली, आज कशावरून? मी म्हटलं, भाजीत मीठ जास्त आहे. तिने भाजी चाखली, माझ्याकडे पाहिलं आणि ताट उचलून नेलं.

दुसऱ्या दिवशी बुढ्याच्या घरी गेलो. तो अंगणात जाळं सांधत बसला होता. सून बाजाराला गेली होती, आणि खरं सांगायचं तर ती नसेल अशीच वेळ मी साधली होती. कागद पुढे केला, म्हटलं, बाबा, इथे अंगठा लागतो.

त्याने विचारलं, "यानं पिंजरे राह्यतेत ना?"

"राहतील."

"माहा नाव कटन?"

मी मान हलवली. तोंडाने हो म्हणायचंही धाडस झालं नाही.

"लावा मंग," म्हणाला, आणि अंगठा पुढे केला. कागदात काय लिहिलं आहे ते त्याने विचारलं नाही. शाईचं बोट जाळ्याला लागू नये म्हणून तो नंतर बराच वेळ हात वर धरून बसला होता. मला तिथून पळावंसं वाटलं, आणि मी पळालोच. चहासुद्धा घेतला नाही.

आठवडाभराने जिल्ह्याहून तपासणीचे साहेब आले. थंडी पडली होती. पाळीवर खुर्च्या मांडल्या, बाकीचे ताडपत्रीवर बसले. साहेबांनी पिंजरे पाहिले, वही पाहिली, अक्षराचं कौतुक केलं. मग म्हणाले, अहवाल गटासमोर वाचला गेला पाहिजे. मी उठायला लागलो तर म्हणाले, "तुम्ही बसा. सचिव कोण? तुम्ही वाचा ताई."

तिने कागद घेतला. शाळेत धडा वाचतात तसं भरभर वाचायला लागली. "सदर सदस्याने प्रशिक्षकास न कळवता..." आणि थांबली. परत मागून वाचलं. परत थांबली. मग कागद खाली करून सासऱ्याकडे वळली.

"मामाजी, तुमी तं सांगतले होते ना? घरी येऊन बोलले होते का, मास्तर राहू द्या म्हनले म्हून?"

"वाच ना समोर," बुढा म्हणाला. "साहेब बसून राह्यले."

ती वाचेना. सगळे माझ्याकडे बघायला लागले. कोणी रागाने नव्हतं बघत, तेच वाईट होतं. ते वाट बघत होते, मास्तर आता काहीतरी सांगतील आणि गोष्ट नीट होईल म्हणून. भर थंडीत पाठ ओली झाली. मी उठलो.

"साहेब, यांनी सांगितलं होतं. मी फोनवर होतो. राहू द्या असं मीच म्हणालो."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. वयस्कर माणूस होते, निवृत्तीला आलेले, घाईत नव्हते. म्हणाले, "मस्करीत म्हणाला असाल."

"हो."

"आणि यांनी खरं धरलं? इतक्या जुन्या माणसाने?"

बुढा उठून उभा राहिला. "साहेब, मी का म्हनतो..."

मी त्याला हाताने खाली बसवलं. "बाबा, बसा तुम्ही."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. म्हणाले, "हे बघा, एकट्या तुमच्यावर कसं येईल? सदस्याचंही थोडंफार असेल. समजून उमजून लिहा."

"मास्तर, थांबा जी," बुढा परत उठला.

"नाही साहेब," मी म्हणालो, "पूर्ण माझी चूक आहे. यांची काहीच नाही." आणि बुढ्याला परत हात केला, बसा म्हणून.

खरं सांगतो, त्या वेळी मला फार बरं वाटत होतं. छाती मोकळी झाली होती. वर सगळ्यांच्या डोळ्यांत मी चांगला ठरत होतो. कागद घेतला, ते तीन शब्द खोडले, बुढ्याचं नाव खोडलं, आणि रकान्यात माझं नाव लिहिलं. चांगलं ठळक लिहिलं. सही केली. साहेबांनी मान हलवली आणि कागद फाइलला लावला. सून रडत होती. एकाने येऊन माझा हात हातात घेतला. बुढा तेवढा ताडपत्रीवरून उठून, कोणाशी न बोलता, डोंग्याकडे निघून गेला. मला वाटलं, भरून आलं असेल म्हाताऱ्याला.

पिंजरे राहिले, वाचलेले मासे त्यातल्या तीन पिंजऱ्यांत सोडले. बुढ्याचं नाव यादीत राहिलं. मार्चमध्ये माझं कंत्राट पुढे गेलं नाही. कारण तोंडी सांगितलं, कागद दिला नाही. मी तिरोड्यात एका दुकानात लागलो, कोंबड्यांचं आणि माशांचं खाद्य विकतो. माझ्या जागी नवीन पोरगी आली. हुशार होती, पण तिला एकटीला तीन तालुके दिलेले. ती दोनदा जलाशयावर जाऊन आली आणि मग तिची बदली झाली. त्यानंतर कोणी आलं नाही.

सून अधूनमधून फोन करायची. सर, मासे खाद्य सोडून राह्यले. सर, पाण्याले वास येऊन राह्यला. मी दुकानातून सांगायचो, हे टाका, ते करून बघा. पण फोनवर मासा दिसत नाही. फोटोत कळत नाही. एप्रिलच्या शेवटी तिने सांगितलं की दोन पिंजरे रिकामे झाले. मी दुकानमालकाशी भांडून सुट्टी घेतली आणि मोटरसायकलने निघालो.

पाणी खूप उतरलं होतं. पाळीवरून खाली बराच वेळ भेगाळलेल्या चिखलातून चालावं लागलं. बुढा पिंजऱ्यांजवळ डोंग्यात होता. मला पाहून तो काठाला आला, पण उतरला नाही. बसून राहिला, वल्हं मांडीवर आडवं. डोंग्याच्या बुडात दहा-बारा मेलेले रोहू होते, हातभर वाढलेले. काढायला आलेले मासे होते ते.

मग जे सहा महिने विचारायचं होतं तेच विचारलं. "बाबा, त्या दिवशी जाळं उचललं तेव्हा तुम्ही बोलला का नाही? मी राहू द्या म्हणालो होतो, हे सांगायचं ना सगळ्यांसमोर."

"कसा सांगू?" तो म्हणाला. "मस्करी समजत नाही का मले? तुमी हासले, मले समजला. पन मलेच काढाचे नोहते ते पिल्ले. माय भायेर फिरून राह्यली होती. मी म्हनलो, चाला, मास्तर राहू द्या म्हनले, आता आपल्यावर येत नाही. तुमच्या मस्करीच्या आड लपलो मी. मंग कोन्या तोंडानं सांगू?"

मी म्हटलं, "मग साहेबांसमोर दोनदा उठला होता..."

"तेच सांगाले उठलो होतो. अर्धी माही आहे म्हून. तुमी हात करून बसवले." आता त्याचा आवाज चढला. मी त्याला कधी चढलेल्या आवाजात ऐकलं नव्हतं. "साहेबबी तेच म्हनून राह्यले होते, एकट्याची कशी येईन म्हून. अर्धी मले घेऊ देली असती तं दोघाईले दोन गोठी सुनावून साहेब चालले गेले असते. मीबी राह्यलो असतो, तुमीबी राह्यले असते. पयले पुरी माह्यावर टाकली, मंग पुरी सोताच घेतली. अर्धा काई येतच नाही का तुमाले?"

एरवी माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं, आणि ते मोठ्या आवाजात असतं. मी चिखलात उभा होतो, आणि मला त्या ताडपत्रीवरचा माझा मोकळा झालेला चेहरा आठवून स्वतःची किळस आली.

बुढ्यानेच वाकून डोंग्यातला एक रोहू उचलला आणि माझ्या हातात दिला. "आता आले तं पाहा. का झाला याले?"

मी कल्ले उघडले. लाल असायला हवे ते मातकट होते, बोट फिरवलं तर गाळ लागला. पाणी उतरल्यावर पिंजऱ्याचा तळ चिखलाला टेकला होता आणि मासे तोच ढवळलेला चिखल श्वासात घेत होते. नांगर सोडून चौकट पन्नास हात आत, बुडालेल्या नाल्यावर, जिथे पाणी अजून खोल होतं तिथे, ओढून न्यायची, एवढंच करायचं होतं. सकाळभराचं काम.

"कधी न्यायला हवी होती?" त्याने विचारलं.

मी सांगितलं, "होळीच्या आसपास. माझं कंत्राट संपलं तेव्हा."

त्याने वल्हं उचललं आणि मला बसायला डोंगा तिरका केला.